बीपीएमएन शिकायला बसताय? आधी बोजा उतरवायची सोय बघा

बीपीएमएन म्हणजे कामाची प्रक्रिया आकृतीत काढायची ठरलेली चिन्हं. ती शिकायला काय काय लागतं, त्याची ही यादी. लॅपटॉप, १६ जीबी रॅम, डॉकर (प्रत्येक सेवा वेगळ्या डब्यात चालवायचं सॉफ्टवेअर), वही, पेन्सिल, खोडरबर. बहुतेकांकडे हे असतंच, पुढे जाऊ. खोडरबर मात्र खरंच घ्या. मागच्या वेळी मी थेट संगणकावर आकृती काढायला बसलो आणि चौकोन एका ओळीत आणण्यातच दोन संध्याकाळी गेल्या.

मागची वेळ कोणती, ते एकदाच सांगून टाकतो. एका सहकारी बँकेचं शेतीकर्जाचं काम आमच्याकडे आलं होतं. अर्जापासून वाटपापर्यंतचं प्रत्येक काम स्वतंत्र सेवा (हाक मारली की तेवढं एकच काम करणारा छोटा प्रोग्रॅम) म्हणून मांडायचं आणि त्यांच्यावर बीपीएमएनमध्ये काढलेली प्रक्रिया चालवायची. सहा आठवड्यांत शिकून घे, असं साहेबांनी सांगितलं. घेतलं शिकून. आकृती एवढी लांबली की ए-झीरो कागदावर छापून मीटिंगच्या खोलीत भिंतीला चिकटवली. अर्ज, केवायसी, सिबिल, सातबारा तपासणी, मंजुरी, गहाणखत, बोज्याची (जमिनीवरच्या बँकेच्या हक्काची) नोंद, वाटप. हिरव्या गोलापासून लाल गोलापर्यंत सरळ रेघ. कर्ज विभागातल्या एक मॅडम, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ ती बघत उभ्या होत्या. मग बोजा आणि वाटप यांच्यामधल्या बाणावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं माणूस मागं फिरला तर?" मी म्हणालो, "मग प्रोसेस एंड होते, मॅडम." त्या म्हणाल्या, "ती होईल हो. बोजा कोण उतरवणार?"

मी हसून "ते फेज टू मध्ये" म्हणालो. पुढे चाचणीच्या काळात तीन शेतकऱ्यांचं वाटप अडकलं, प्रकरणं बंद झाली, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचा बोजा तसाच राहिला. कर्ज मिळालं नाही, बोजा मात्र आहे. त्यातल्या एकाला हे समजलं ते दुसऱ्या बँकेत पीककर्ज मागायला गेल्यावर. तिथून त्याने केलेला फोन मीच घेतला होता.

म्हणून या यादीत पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या जागी एकच गोष्ट आहे: उलटा रस्ता. झालेलं काम निस्तरायचा रस्ता. बीपीएमएनमध्ये त्याला कॉम्पेन्सेशन म्हणतात, मी भरपाई म्हणतो. बाकी काही विसरलात तर दोन दिवसांत सावराल. हे विसरलात तर दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर राहील.

आता शिकण्यासाठी एक प्रक्रिया निवडा. पिझ्झा मागवण्याची नको. प्रत्येक शिकवणीत पिझ्झाच असतो आणि त्यातून नेमकी महत्त्वाची गोष्ट शिकायची राहते, कारण पिझ्झा रद्द झाला तर कोणाचं फारसं बिघडत नाही. जिच्या रांगेत तुम्ही स्वतः उभे राहिला आहात अशी घ्या: सोसायटीत फ्लॅट नावावर करणं, कॉलेजचा प्रवेश रद्द करून फी परत मिळवणं, गॅसचं कनेक्शन दुसऱ्या गावी नेणं. अट एकच, त्यात खोडरबराने पुसता येणार नाही अशी निदान एक पायरी हवी. पैसे गेले, सही झाली, सरकारी नोंद पडली, असलं काहीतरी.

मग ते काम रोज करणाऱ्या माणसाच्या शेजारी अर्धा दिवस बसा. साहेबाशेजारी नको. साहेब परिपत्रकातली प्रक्रिया सांगतात. काऊंटरमागचा माणूस खरी सांगतो, तीही विचारलं तरच. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारा: "हे झाल्यावर रद्द झालं, तर काय करता?" आणि खालचा ड्रॉवर उघडायला सांगा. मॅडमच्या ड्रॉवरमध्ये दोरीने बांधलेला एक गठ्ठा होता, वर स्केचपेनने लिहिलेलं: 'अर्धवट'. माझी ए-झीरो आकृती त्या गठ्ठ्यासमोर कुचकामी होती. तो गठ्ठा आधी पाहिला असता, तर मला वेगळं शिकावंच लागलं नसतं.

वाचायचं काय? कमी. बीपीएमएनची पहिली आवृत्ती २००४ ची, चालू २.० ही ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये तीच आयएसओ १९५१० झाली. दस्तऐवज पाचशे पानांच्या वर आहे, सगळा वाचू नका. यूडीडीआय (सेवा शोधायला त्यांची यादी ठेवायची पद्धत) हे नाव जुन्या नोट्समध्ये भेटेल, सोडून द्या. मोठ्या कंपन्यांनी चालवलेली त्याची सार्वजनिक नोंदवही २००६ च्या सुरुवातीलाच बंद झाली. बीपेलला, म्हणजे सेवा जोडून प्रक्रिया चालवायच्या जुन्या भाषेला, एक संध्याकाळ पुरे. त्याची २.० आवृत्ती एप्रिल २००७ ची, आता नवीन कामात सहसा दिसत नाही. मी त्यावर तीन आठवडे घालवले आणि त्यातला भरपाईचा भाग, हो, तोच, 'प्रगत विषय' म्हणून गाळला. प्रगत कसला, तो मूळ विषय आहे. १९८७ मध्ये गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी 'सागाज्' नावाचा एक छोटा निबंध लिहिला, तो वाचा. लांबलचक व्यवहार संपेपर्यंत सगळ्या नोंदींना कुलूप लावून ठेवता येत नाही. म्हणून त्याचे छोटे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला त्याचं उलटं काम जोडा, असं त्यात आहे. तेव्हा मायक्रोसर्व्हिसेस (छोट्या स्वतंत्र सेवांची मांडणी) हा शब्दही नव्हता.

सेवांच्या बाजूने करार आधी शिका, कोड नंतर. सेवा काय घेते, काय देते, काय चुकलं तर काय बोलते, हे लिहून दोन्हीकडच्यांनी मान्य करायचं आणि मगच हात चालवायचा. सोप, डब्ल्यूएसडीएल, एक्सएमएल स्कीमा या निरोप आणि करार लिहायच्या जुन्या पद्धतींना नाकं मुरडू नका. रिझर्व्ह बँकेची ऑक्टोबर २०१३ पासूनची आरटीजीएस आयएसओ २००२२ च्या एक्सएमएल संदेशांवर चालते, यूपीआयचे आतले संदेशही एक्सएमएलमध्ये असतात. रेस्ट (वेबवरून सेवेला हाक मारायची साधी पद्धत) तुम्हाला येतच असेल. सेवा किती मोठी असावी यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझा ठोकताळा असा, की बँकेतल्या माणसाला त्या सेवेचं नाव ऐकून ती काय करते ते समजलं पाहिजे. 'बोजा नोंदवा' समजतं. 'अपडेट एंटिटी स्टेटस' कोणालाच समजत नाही, लिहिणाऱ्यालाही सहा महिन्यांनी.

आणि करारात प्रत्येक कामाशेजारी त्याचं उलटं काम लिहा. 'बोजा नोंदवा' असेल तर 'बोजा कमी करा' त्याच पानावर हवं. माझ्या करारात अकरा कामं होती, उलटं एकही नाही. मोजून सांगतोय.

टाइमआउट म्हणजे नापास नव्हे, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. वाटपाच्या सेवेला निरोप गेला, तीस सेकंदांत उत्तर आलं नाही. पैसे गेले की नाही? माहीत नाही. 'माहीत नाही' हे तिसरं उत्तर आहे आणि नवशिका त्याला 'नाही' समजून पुन्हा पाठवतो. मग वाटप दोनदा. म्हणून प्रत्येक मागणीला तिचा स्वतःचा क्रमांक हवा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर समोरच्या सेवेने नवीन पावती न फाडता जुनीच दाखवायला हवी. उलट्या कामालाही हाच नियम. बोजा कमी करायचा निरोप दोनदा गेला तरी चालायला हवं, कारण तो दोनदा जाणारच आहे.

यावर कोणी 'हे फार पुस्तकी आहे' म्हणालं तर त्याला रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक दाखवा. यूपीआयने पाठवलेल्या पैशांत पाठवणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि समोरच्याला जमा झाली नाही, तर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला शंभर रुपये. एटीएममधून नोटा आल्या नाहीत तर मुदत पाच दिवसांची. उलटा रस्ता, त्याची मुदत आणि चुकल्यास दंड, सगळं लिहिलेलं. माझ्या आकृतीत यातलं एकही नव्हतं.

चिन्हांकडे येऊ. सुरुवातीचा गोल बारीक रेघेचा, मधला दुहेरी रेघेचा, शेवटचा जाड रेघेचा. हिरवा-लाल हे टूलचे लाड, अर्थ रेघेच्या जाडीत आहे. काळी-पांढरी झेरॉक्स काढली की फरक कळतो. पूल ही आकृतीतली मोठी चौकट, म्हणजे स्वतंत्र संस्था. लेन हा तिच्यातला पट्टा, म्हणजे त्याच संस्थेतला विभाग किंवा माणूस. सलग रेघेचा बाण पुलाची भिंत ओलांडत नाही, तिथे तुटक रेघेचा निरोप जातो. तलाठी बँकेचा नोकर नाही, त्यामुळे त्याला बँकेच्या लेनमध्ये बसवू नका. मी बसवलं होतं. गेटवे, म्हणजे वाटा फुटतात किंवा जुळतात तिथले तिरके चौकोन, तीन-चार पुरतात: फुलीवाला म्हणजे एकच वाट, अधिकवाला म्हणजे सगळ्या वाटा, आणि घटनेची वाट पाहणारा. अधिकने फोडलेलं अधिकनेच जोडा. फुलीने जोडलंत तर पुढचं काम दोनदा होतं, आणि मग मी येऊन सांगणार नाही.

आता ते चिन्ह. कॅसेट प्लेअरवर मागे जायचं बटण असायचं, डावीकडे तोंड केलेले दोन त्रिकोण. तेच भरपाईचं चिन्ह. ते कामाच्या चौकोनाच्या कडेवर बसतं आणि ठिपक्यांच्या रेघेने उलट्या कामाला जोडलं जातं, नेहमीच्या बाणाने नाही, कारण ते नेहमीच्या वाटेवर नसतं. इथे सगळे एकच चूक करतात: त्रुटीचं चिन्ह आणि भरपाईचं चिन्ह एकच समजतात. त्रुटी म्हणजे काम चालू असताना बिघडलं. भरपाई म्हणजे काम व्यवस्थित पूर्ण झालं आणि आता ते नको आहे. बोज्याची नोंद मुळीच बिघडली नव्हती, उत्तम झाली होती, तीच तर अडचण होती. मी त्रुटीची चिन्हं आठ ठिकाणी लावली होती आणि खूश होतो. इंजिन, म्हणजे आकृती चालवणारा प्रोग्रॅम, फक्त पूर्ण झालेल्या कामांची भरपाई करतं आणि साधारण उलट्या क्रमाने करतं: शेवटचं आधी. तेही तुम्ही भरपाईची घटना फेकली, म्हणजे आकृतीत तशी सूचना दिली, तरच. आपोआप काही होत नाही.

आणि हे कंट्रोल-झेड नव्हे. सातबाऱ्याचंच बघा. चढलेला बोजा कोणी खोडत नाही. तो कमी करायला नवा अर्ज, नवा फेरफार, त्याची मंजुरी, आणि फेरफारांच्या नोंदवहीत दोन्ही नोंदी कायम. उलटं काम हे स्वतः एक पूर्ण काम असतं, त्याला कागद लागतात, वेळ लागतो, आणि तेही अडकू शकतं. आमच्याकडे ते अडकलं ते भलत्याच ठिकाणी: कर्ज दिलंच नाही, मग बेबाकीचा दाखला कसला द्यायचा, यावर बँकेत दोन दिवस खल झाला. शेवटी मॅडमनीच पत्राचा मजकूर लिहून दिला, चार ओळी. म्हणून प्रत्येक उलट्या कामापुढे तीन गोष्टी लिहा: कोण करणार, कोणत्या कागदावर, किती दिवसांत. 'सिस्टीम करेल' असं लिहिलंत तर खोडा. खोडरबर त्यासाठीच आणायला सांगितलाय.

ऑर्केस्ट्रेशन आणि कोरिओग्राफी यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. ऑर्केस्ट्रेशन म्हणजे ढोल-ताशा पथक, शिट्टीवर चालतं. कोरिओग्राफी म्हणजे भजन, त्यात टाळकरी मृदंगाकडे कान ठेवून वाजवतो. एवढं समजलं तरी सध्या पुरे. उलटा रस्ता शिकताना शिट्टीवालं घ्या, कारण कोण कुठवर आलं होतं हे एका जागी समजतं.

पात्रतेचे नियम गेटवेंनी काढू नका. वय, क्षेत्र, थकबाकी, पीक अशी चौदा फुल्यांची माळ होते. त्यासाठी डीएमएनचा, म्हणजे निर्णयाचे नियम मांडायच्या पद्धतीचा, तक्ता आहे, एका दुपारचं काम.

टूल कोणतंही. कामुंडा (बीपीएमएन आकृती चालवणारं एक टूल) घेत असाल तर शिकवणी ७ ची आहे की ८ ची ते आधी बघा. ७ चं इंजिन तुमच्या जावा प्रोग्रॅमच्या पोटात बसतं, ८ चं वेगळं चालतं, आणि एकाची उदाहरणं दुसऱ्यात चालत नाहीत. ८ मध्ये भरपाईची चिन्हं ८.५ पासूनच चालतात. त्याआधीची आवृत्ती उतरवून घेतलीत तर नेमकं तेच शिकायचं राहील, आणि तुम्हाला वाटेल आपलंच काही चुकतंय.

वेळापत्रक. पहिला आठवडा काऊंटर आणि ड्रॉवर. दुसरा करार. तिसरा उलटा रस्ता, फक्त उलटा रस्ता. चौथ्यात इंजिनावर चढवा. पाचवा राखीव, लागतोच. प्रमाणपत्र हवं तर नंतर. लॉग नीट ठेवा. आवृत्त्यांना नंबर द्या, चालू प्रकरणं जुन्या आकृतीवरच संपू द्या. सुरक्षा, पासवर्ड वगैरे तुम्हाला माहीत आहे.

चाचणी एकच सांगतो, बाकीच्या तुमच्या तुम्ही करा. दहा खोटे अर्ज सोडा. ते बोजा नोंदवून पुढे सरकले की वाटपाची सेवा हाताने बंद करा, डॉकरमध्ये एका ओळीचं काम आहे. चहा पिऊन या. परत आल्यावर बोजे मोजा. दहाच्या दहा उतरलेले असतील तर सेवा चालू करून पुन्हा बंद करा, या वेळी बोजा कमी करणारी सेवाही सोबत बंद ठेवा, आणि ते अडकलेलं प्रकरण कोणाच्या टेबलावर जातं ते बघा. कोणाच्याच जात नसेल तर तिसरा आठवडा पुन्हा करा.