गेमच्या टूल्सकडे वळायचंय? शेजारच्या टेबलापासून सुरुवात करा

गेम बनवते म्हटलं की नातेवाईक विचारतात, "कोणता?" नाव सांगितलं तरी त्यात बोट ठेवून 'हे माझं' असं दाखवता येत नाही. मी गेम बनवणाऱ्यांची हत्यारं बनवते. एडिटरमधली बटणं, तपासण्या, इम्पोर्टच्या भानगडी. या कामात शिरायचं असेल तर गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, घ्या. २०१४ पासून त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, एमआयटी परवान्याखाली (कुणीही वापरा, बदला) खुला आहे, त्यामुळे नोकरी लागायच्या आधीच खऱ्या इंजिनाच्या पोटात शिरता येतं.

पण लगेच शिरू नका. आधी शेजारच्या टेबलावर कोण काय पुन्हापुन्हा करतंय ते बघा. आमची लेव्हल डिझायनर रोज सकाळी एकेक टेक्स्चर (वस्तूंवर चढवायचं चित्र) उघडून २०४८ पिक्सेलच्या वरचं कुठलं घुसलंय ते शोधायची. तिला मी फक्त एक यादी करून दिली. क्लिक केलं की फाइल उघडते. पुढे मुलाखतींत सगळ्यात जास्त प्रश्न आले ते या फुटकळ यादीवरच.

असं टूल म्हणजे 'अ‍ॅडऑन्स'मध्ये एक फोल्डर, त्यात छोटी कॉन्फिग फाइल आणि 'एडिटरप्लगइन'वर बेतलेली स्क्रिप्ट. स्क्रिप्टच्या डोक्यावर '@टूल' हवंच, नाहीतर एडिटर ती चालवत नाही. टूल चालू होताना चालणाऱ्या 'एंटर ट्री'मध्ये डॉक (एडिटरच्या कडेचा पॅनल) जोडायचा, बंद होताना चालणाऱ्या 'एक्झिट ट्री'मध्ये काढायचा. मी काढायला विसरले होते. प्लगइन, म्हणजे हे टूल, बंद करून चालू केलं की आणखी एक डॉक! दुपारपर्यंत त्या डिझायनरच्या पडद्यावर सात झाले. "पीक बरं आलंय की यंदा," म्हणाली.

दोनचार टूल्स लोकांच्या हाताखालून गेली की मग गोडोचा सोर्स उतरवा आणि स्कॉन्स या बिल्ड टूलने त्यातून चालणारं इंजिन बनवा. पहिल्या वेळी चहा नाही, जेवण उरकून या. नंतर बदललेला भागच कंपाइल होतो. नवं फीचर लिहायचा मोह आवरा, त्याचे प्रस्ताव वेगळ्या रेपोत (कोड आणि चर्चा ठेवायच्या ऑनलाइन जागेत) मांडायचे असतात. त्यापेक्षा दुसऱ्याने नोंदवलेला बग घ्या, तो दिसेल एवढाच चिमुकला प्रोजेक्ट बनवा आणि 'गिट बायसेक्ट'ने, म्हणजे जुने बदल निम्मेनिम्मे करत तपासणाऱ्या कमांडने, कुठल्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) बिघडलं ते शोधा. कोड न लिहिताही हे मोलाचं काम आहे. शिवाय शोधता शोधता इंजिनाच्या गल्ल्या पाठ होतात. दुरुस्ती पाठवाल तेव्हा एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे 'माझा बदल घ्या' या विनंतीत, एकच गोष्ट. मी एकदा तीन कोंबल्या, आणि सोडवत बसायला एक अख्खा रविवार गेला.

बग कुठे शोधायचे? आपल्या लिपीत. गोडो ३ मध्ये 'कि'ची वेलांटी 'क'च्या उजवीकडे पडायची, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. २०२३ च्या ४.० मध्ये अक्षरांना जोडून आकार देणारी हार्फबझ ही लायब्ररी आली आणि अक्षरं नीट जुळू लागली. तरी संवाद एकेक अक्षराने उमटवून बघा: 'क्षमा'चा आधी 'क', मग 'क्', मग एकदम 'क्ष'! कारण मूळ सेटिंगमध्ये मजकूर आधी कापला जातो, आकार नंतर मिळतो. लेबलच्या (मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या) 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेविअर'मध्ये 'आफ्टर शेपिंग' निवडून फरक बघा.

माझ्याकडे यासाठी एका लेबलचा सीन आहे. त्यात 'श्री', 'दुसऱ्या', 'लक्ष्मी' एवढंच. गोडोची नवी बीटा (चाचणीची आवृत्ती) आली की आधी तो उघडते, मग बदलांची यादी वाचते.