व्याख्यानमालेचा मांडव: मागवावा कसा, आखावा कसा

वाचनालयाच्या बैठकीत वक्ते ठरतात, विषय ठरतात, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय कुणाकडे यावर बराच वेळ जातो, आणि उठता उठता कुणीतरी म्हणतं, "मांडवाचं तेवढं सांगून टाकू." मला हे वाक्य फार लागतं. गावातली सगळ्या थरांतली माणसं लागोपाठ आठवडाभर एका छपराखाली बसतात, अशी वर्षातून एकच जागा असते, आणि तीच कुणी आखलेली नसते.

मी आर्किटेक्ट आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्या वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेचा मांडव बरीच वर्षं आखते आहे. शाळेचं मैदान, तीनशे श्रोते, एप्रिल-मेची संध्याकाळ हे धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. तुमचं संगीत संमेलन असेल, एकांकिका असतील, तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

जगात हे काम किती मनावर घेऊन करतात ते आधी सांगते. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये सर्पेंटाइन गॅलरी 2000 सालापासून जवळजवळ दर उन्हाळ्यात एक तात्पुरता मंडप उभारते. पहिला झाहा हदीद यांचा. बोलावणं अशा आर्किटेक्टला द्यायचं, ज्याची इंग्लंडमध्ये तोवर एकही इमारत झालेली नाही, हा त्यांचा रिवाज. आणि बोलावण्यापासून उभारणीपर्यंत साधारण सहा महिने. 2025 चा मंडप ढाक्याच्या मरीना तबस्सुम यांनी केला, शामियान्याची आठवण मनात ठेवून. मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्समध्येही 2014 पासून असाच उपक्रम सुरू झाला, एमपॅव्हिलियन नावाचा. त्यातला 2016 चा मंडप आपल्या बिजॉय जैन यांचा, म्हणजे स्टुडिओ मुंबईचा. सात किलोमीटर बांबू, सव्वीस किलोमीटर दोरी, आणि छपराला कारवीच्या काड्यांचे विणलेले पट्टे. ज्या कारवीने कोकणात आणि घाटमाथ्यावर कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या, ती कारवी. हंगाम संपल्यावर हा मंडप मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात हलवला. सर्पेंटाइनचे मंडपही विकले जातात आणि दुसरीकडे उभे राहतात.

आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण त्यांच्या दोन सवयी फुकट घेता येतात. काम एका माणसाकडे नाव घेऊन सोपवायचं, आणि उतरवल्यावर काय होणार हे उभारण्याआधी ठरवायचं.

दुसरी सवय मी पहिली मानते. कागदावर रेघ ओढण्याआधी मी समितीला विचारते: कार्यक्रम संपल्यावर मैदान किती दिवसांत मोकळं हवं? खड्डे कोण बुजवणार? कोणतं सामान मांडववाल्याचं, कोणतं भाड्याचं, आणि वाचनालयाच्या पैशाने आणलेलं काय उरणार? ही उत्तरं आली की अर्धं डिझाइन आपोआप होतं. मैदान दोन दिवसांत परत द्यायचं असेल तर बांबू कापायचे नाहीत, खिळे मारायचे नाहीत, सगळं बांधायचं. अखंड बांबू पुढच्या लग्नाला जातो, म्हणून मांडववाला भाडं कमी लावतो. कापलेल्याचे तो पूर्ण पैसे घेतो, आणि ते बरोबरच आहे. डांबरी रस्त्यावर मांडव असेल तर खड्ड्यांचा विचारच सोडा. महापालिका खड्ड्यामागे दंड करतात आणि पावसाळ्यात त्याच खड्ड्यात कुणीतरी पडतं. तिथे वजनावर उभा राहणारा सांगाडा करायचा.

यानंतर एक पानाचं मागणीपत्र लिहा. एकच पान. माणसं किती, त्यात खाली बसणारी किती आणि खुर्चीवरची किती, कार्यक्रम किती वाजता, सूर्य तेव्हा कुठे असतो, मैदानाचा उतार कुणीकडे, झाडं कोणती (एकही फांदी तोडायची नाही, हे स्पष्ट लिहा), वीज कुठून, स्वच्छतागृह किती लांब, आणि बजेटचा खरा आकडा. आकडा लपवला की आर्किटेक्ट स्वप्न काढून आणतो आणि शेवटी त्यातली फक्त झालर उरते. शक्य असेल तर जिल्ह्यातल्या दोन-तीन तरुण आर्किटेक्टना हे पान पाठवून कच्चं रेखाटन मागा आणि प्रत्येकाला त्याचे थोडे का होईना पैसे द्या. फुकट मागितलेलं रेखाटन म्हणजे दुसऱ्याच्या श्रमांचा अनादर, आणि वाचनालयाने तरी तो करू नये.

निवड करताना मांडववाल्याला शेजारी बसवा. आमचे मांडववाले अण्णा माझ्या नकाशाकडे बघत नाहीत, मैदानावर चालून बघतात. एका वर्षी म्हणाले, "मॅडम, हितं खालनं पानी यतंय, खांब दोन हात सरकवा." गेल्या पावसाळ्यातला गाळ त्यांनी गवताच्या रंगावरून ओळखला होता. बांबूही तेच निवडतात. सिंधुदुर्गातला माणगा भरीव असतो, तो खांबाला; पोकळ आणि हलका माल वर छपराला. काथ्याची दोरी ते बादलीत भिजत घालतात, म्हणजे मऊ होते आणि गाठ ओढून आवळता येते. जोड निरगाठीने, कनात मात्र सुरगाठीने. का, ते पुढे येतंय.

आता आकार. नुसतं सांगून टाकलेला मांडव हमखास लांबट येतो, बोगद्यासारखा, कारण तो लग्नाच्या पंगतीच्या मापाने बसवलेला असतो. व्याख्यानाला हे चालत नाही. वक्त्याचा चेहरा दिसला नाही की मागचे लोक पंधरा मिनिटांत बोलायला लागतात. म्हणून व्यासपीठ मांडवाच्या लांबीच्या बाजूवर घ्या आणि मांडव खोल न करता रुंद करा. शेवटची रांग व्यासपीठापासून 15 ते 18 मीटरच्या आत ठेवा. खुर्चीला वाटेसकट पाऊण चौरस मीटर धरला तर तीनशे जणांना सव्वादोनशे चौरस मीटर लागतात, व्यासपीठ वेगळं. खांब वाटांच्या कडेला आणा. पुढे सतरंजीवर मुलं आणि बसू शकणारी माणसं, त्यांच्यामागे खुर्च्या. मग व्यासपीठ दोन-अडीच फुटांहून उंच लागत नाही आणि वक्ताही माणसांत राहतो. एका बाजूने व्हीलचेअरचा उतार द्या, फूटभर उंचीला बारा फूट लांबीचा. व्यासपीठावरही तसाच द्या, कारण पाहुणे बहुधा सत्तरीच्या पुढचे असतात.

सगळ्यात जास्त वेळ वाऱ्याला द्या. आपला हंगाम वळवाचा. दुपारी आभाळ निरभ्र, पाचला धूळ उठते आणि सहाला गारा. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा नकाशा आहे. पुण्याला मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, मुंबईला 44. 39 म्हणजे ताशी 140 किलोमीटर. तात्पुरत्या बांधकामाला हा वेग कमी धरायची मुभा आहे, तरी दाब चौरस मीटरला 50 किलोच्या आसपास येतो. आणि वारा मांडवाला ढकलतो त्याहून जास्त उचलतो. दहा बाय दहा मीटरच्या छपराखाली तो सगळा दाब शिरला तर पाच टन. पाण्याने भरलेलं दोनशे लिटरचं पिंप दोनशे किलोचं. म्हणजे अशी पंचवीस पिंपं लागतील. छपराचा आकार, उतार, बाजू किती उघड्या यावर हा आकडा कमी-जास्त होतो, ते गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी करून घ्या. पण समितीसमोर पंचवीस पिंपांचा आकडा ठेवा. खांब तीन फूट गाडण्याचा, दोन्ही दिशांना तिरके टेके देण्याचा आणि कोपऱ्यांना ताण देण्याचा खर्च मग कुणी कापत नाही.

कनातीची सुरगाठ त्यासाठीच. तिन्ही बाजूंनी बंद कनात म्हणजे वारा आत घ्यायची सोय. मी कनात छातीच्या उंचीपर्यंतच घेते, वरचा भाग मोकळा, आणि ती एका ओढीत सुटली पाहिजे. प्रत्येक बाजूला एक कार्यकर्ता नेमलेला असतो. धूळ उठली की कनात सोडायची, माईकवरून शांतपणे सांगायचं आणि माणसं शाळेच्या वर्गांत न्यायची. वर्गांच्या किल्ल्या त्या वेळी शिपायाच्या घरी नकोत, मैदानावर हव्यात.

पाण्याचं गणित सोपं. ताडपत्रीला चार फुटांत एक फूट उतार द्या. सपाट ताडपत्रीच्या तीन बाय तीन मीटरच्या खणात सरासरी दहा सेंटिमीटर पाणी साठलं तर नऊशे लिटर होतं, म्हणजे लोकांच्या डोक्यावर जवळपास एक टन. खालून काठीने ढोसून पाणी सांडायची वेळ आली, तर उतार चुकला म्हणून समजा.

आगीबद्दल मी कुणाचं ऐकत नाही. 23 डिसेंबर 1995 ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या स्नेहसंमेलनात कृत्रिम धाग्याचा शामियाना पेटला आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं. वितळलेलं कापड अंगावर पडत होतं आणि बाहेर पडायची वाट अपुरी होती. तात्पुरत्या मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक 8758 आहे, ते समितीतल्या एकाने तरी पूर्ण वाचावं. माझ्या यादीत एवढं पक्कं असतं: छताला आणि झालरीला सुती कापड, तेही अग्निरोधक द्रावणात भिजवलेलं (अमोनियम सल्फेट, बोरॅक्स, बोरिक ॲसिड, तुरटी, पावसात भिजलं की पुन्हा करावं लागतं). बांधायला काथ्या, नायलॉन नाही, कारण नायलॉन उष्णतेने वितळून जोड सुटतो. वेगवेगळ्या बाजूंना रुंद दरवाजे, आणि त्यांच्यासमोर पुस्तकविक्रीचं टेबल कधीही नाही. वायर पाइपमधून, तात्पुरती वीजजोडणी महावितरणकडून रीतसर, गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला. विजेच्या तारांखाली आणि ट्रान्सफॉर्मरजवळ मांडव नको. चहाची शेगडी मांडवाबाहेर लांब.

उन्हाला उपाय पश्चिमेला. तिकडे बांबूचे तट्टे उभे करा. सहाचं तिरपं ऊन अडतं आणि वारा थोडा झिरपतो. वर ताडपत्री आणि खाली कापड यांच्यात हातभर अंतर ठेवून दोन्ही टोकं उघडी सोडा, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. आवाजाला व्यासपीठामागे जाड पडदा आणि श्रोत्यांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर लहान स्पीकर; दोन मोठे भोंगे लावले की पुढच्यांचे कान दुखतात आणि मागच्यांना शब्द लागत नाही. जनरेटर शाळेच्या इमारतीच्या पलीकडे. रहिवासी भागात रात्री दहापर्यंत 55 डेसिबल आणि त्यानंतर 45 ही मर्यादा आहे, आणि दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. शेजाऱ्यांना आधी भेटून वेळापत्रक द्या.

सजावट शेवटी, आणि कमी. थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं मला सहन होत नाहीत. बुरूड आळीतल्या कारागिरांकडून सुपं, टोपल्या, तट्टे घेतले तर नंतर ते विकता येतात. आमच्याकडे शेवटच्या दिवशीच जातात.

मांडववाल्याशी करार लेखी करा. दर चौरस फुटावर ठरतो, त्यात उभारणी, उतरवणी आणि दिवस धरलेत का ते लिहून घ्या. पैसे तीन हप्त्यांत: सामान उतरलं की एक, इंजिनिअरने सही केली की दुसरा, मैदान परत दिल्याचं मुख्याध्यापकांचं पत्र आलं की तिसरा. आणि तिसरा त्याच दिवशी द्या. अण्णांसारख्या माणसाला हजार रुपयांसाठी वाचनालयाच्या चार खेपा घालायला लावू नका.

परवानग्या मैदानाचे मालक, नगरपरिषद, पोलीस आणि अग्निशमन यांच्या. दीड-दोन महिने आधी अर्ज टाका. शाळेचं पत्र मात्र फेब्रुवारीतच घ्या. परीक्षा सुरू झाल्या की मैदानावर बाकं येतात आणि मुख्याध्यापक भेटत नाहीत.