वडिलांच्या लहानपणीची इंद्रजाल कॉमिक्स पुन्हा कशी जमवावीत

बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे चारच अंक निघाले. बाकीचे वाडा आवरला तेव्हा रद्दीत गेले होते. तीन वर्षं झाली, ते मी परत जमवतो आहे. तुम्हीही अशा कामाला लागणार असाल, तर मला सापडलेली वाट सांगतो.

आधी यादी, मग खरेदी

इंद्रजाल मार्च 1964 मध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. तेवढ्या काळात आठशेवर अंक निघाले. सगळे जमवायला गेलात तर तो तुमचा संग्रह होईल, वडिलांचा नाही. म्हणून त्यांचं वाचायचं वय काढा. बाबांचा जन्म 1958 चा, म्हणजे साधारण 1966 ते 1974 एवढीच वर्षं मी धरली. इंद्रजालमधला भारतीय नायक बहादूर 1976 मध्ये आला तेव्हा ते कॉलेजात होते. मला तो कितीही आवडत असला तरी यादीत नाही.

माणसांना चित्रं दाखवा

गोष्टींची नावं कुणाला आठवत नाहीत. आत्याला विचारलं तर "वेताळाचे होते बाई पुष्कळ," एवढंच म्हणाली (वेताळ म्हणजे इंग्रजीतला फँटम). मग मोबाइलवर जुनी मुखपृष्ठं एकेक करून दाखवायला लागलो. एका चित्रावर तिनं माझा हात धरला. "थांब. हाच! याचं पान फाडलं म्हणून दादानं मला बडवलं होतं." त्या दुपारी एकोणीस मुखपृष्ठं नक्की झाली, बाबांच्या एका वर्गमित्राकडून आणखी सात. आपण मात्र काही सुचवायचं नाही. "हा असेल ना?" म्हटलं की समोरचा हो म्हणून टाकतो.

प्रत्येक नोंदीसमोर अंकाचा क्रमांक आणि भाषा लिहा. एकाच गोष्टीचे इंग्रजी, हिंदी, मराठी अंक असायचे, आणि विकणारा नुसतं "इंद्रजाल" म्हणतो. मी एकदा घाईत हिंदी अंक घेऊन बसलो होतो.

कुठे शोधायचं

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलचा पदपथ आणि फ्लोरा फाउंटनजवळचे पुस्तकवाले. ओळखीच्या रद्दीवाल्याकडे नंबर देऊन ठेवा. पण मला सगळ्यात जास्त अंक मिळाले ते बंद पडणाऱ्या घरगुती वाचनालयांतून. तिथे आठ-दहा अंक एकत्र बांधलेले गठ्ठे असतात. कडा कापलेल्या असतात म्हणून संग्राहक नाक मुरडतात, त्यामुळे स्वस्त पडतात. ते उसवू नका.

घरबसल्या घेताना पैसे देण्याआधी मुखपृष्ठ, मधलं पान आणि शेवटचं पान यांचे फोटो मागवा. पिना गंजल्या की मधलं पानच आधी निखळतं.

आल्यावर काय करायचं

नवा अंक लगेच जुन्यांत ठेवू नका. दोन आठवडे वेगळ्या पिशवीत ठेवून कसर आहे का ते पाहा. सादळलेला वास असेल तर सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर उघडून ठेवा. उन्हात नको, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

गंजलेली पीन ओढून काढू नका. अंक मधोमध उघडा, बोथट सुरीच्या टोकानं पिनेचे दुमडलेले पाय सरळ करा आणि कण्याच्या बाजूनं ती हळूच बाहेर घ्या. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून सैलसर गाठ मारा. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका, काही वर्षांनी तो तपकिरी होऊन शाई खातो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ टिश्यू कागद पुरतो.

ठेवायला पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, पीव्हीसीची नकोत. पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवा, पूड पानांवर भुरभुरू नका. पावसाळ्यात सिलिका जेल दर महिन्याला बदला.

आतल्या पानांवर आधीच्या पोरांची नावं असतात. माझ्या एका अंकावर निळ्या शाईत नाव आणि खाली "5 वी ब, हात लावू नये" असं लिहिलेलं आहे. ते खोडायचं नाही.

न मिळालेल्या अंकांच्या जागी क्रमांक लिहिलेला पुठ्ठा उभा करून ठेवा. माझ्या पेटीत असे अकरा पुठ्ठे आहेत. आत्यानं फाडलेला अंक त्यांतलाच एक.