फ्लॅटचं काम झालं, पैसे अडकले? या चुका टाळा

इंटरनेटवर ‘मेकॅनिक्स लिएन’बद्दल वाचून अनेक सुतार, रंगारी, इंटिरियरवाले समजतात की बिल थकलं तर मालकाच्या घरावर बोजा चढवता येतो. तो अमेरिकेतला कायदा. मुंबईतल्या फ्लॅटवर लादीपासून पीओपीपर्यंत सगळं तुम्ही केलं असलं, तरी नुसत्या कामाच्या जोरावर असा बोजा बसत नाही.

त्यामुळे चावी अडवू नका. ताबा मालकाचाच, तुम्ही फक्त कामापुरते आत होता. बसवलेलं कपाट उखडून नेणं तर त्याहून वाईट. चोरीची तक्रार झाली की पैसे राहिले बाजूला, पोलीस ठाण्यात उत्तरं तुम्हीच देत बसाल.

हक्क आहे तो हातातल्या वस्तूवर. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०. पॉलिशसाठी सोफा तुमच्या वर्कशॉपमध्ये आणला असेल, तर त्याची मजुरी मिळेपर्यंत तो ठेवून घेता येतो. तोच सोफा मालकाच्या हॉलमध्ये पॉलिश केलात की हक्क संपला, कारण ताबाच नाही. आणि किचनचं जुनं बिल सोफ्यावर काढू नका. अडवायचं ते त्याच कामाच्या पैशांसाठी.

खरी गफलत होते उधारीत. कायद्यातच शिंप्याचं उदाहरण दिलंय: कोट तयार होताच देईन, पैशांना तीन महिने थांबेन, असं कबूल केलेल्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. ‘घेऊन जा शेठ, दिवाळीनंतर द्या’ म्हणणाऱ्यांचं हेच होतं. कोटेशनवरच ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर डिलिव्हरी’ छापा.

सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र देऊन फ्लॅटची विक्रीही थांबत नाही. सोसायटीचा हक्क तिच्या स्वतःच्या थकबाकीपुरता. वसुली चुकवायला मालक फ्लॅट विकतोय असं दिसलं, तर दावा लावून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८, नियम ५ खाली निकालापूर्वी जप्ती मागता येते. नुसता संशय मात्र कोर्टाला पुरत नाही.

सगळ्यात महाग पडतं ते थांबणं. पैसे द्यायची तारीख ठरली नसेल, तर दाव्याची मुदत काम झाल्यापासून ३ वर्षं. फोनवरच्या ‘पुढच्या महिन्यात बघू’नं ती वाढत नाही. मुदतीच्या आत बाकी मान्य केल्याची सहीची चिठ्ठी घेतलीत, तर सहीपासून पुन्हा मोजतात. वाढीव कामाचंही तेच: मापं लिहा आणि त्याच दिवशी मालकाची सही घ्या.