गेटपासून पोर्चपर्यंत: गोव्यातल्या घरासाठी सेन्सरचा दिवा कसा निवडावा

दुकानात गेल्यावर बहुतेक लोक आधी वॅट विचारतात. सेन्सरच्या दिव्यासाठी तो शेवटचा प्रश्न आहे. आधी ठरवायचे ते सेन्सर कुठल्या जातीचा आणि तो कुठे बसणार. मग दिव्याची बांधणी पाहावी आणि त्यानंतर प्रकाश. गोव्यात हा क्रम चुकला, की मे महिन्यात गाडी पोर्चात शिरेपर्यंत दिवा पेटत नाही आणि जुलैत अंगणात कोणी नसताना रात्रभर पेटत-विझत राहतो.

म्हणून खरेदीआधी टेप घेऊन वाट मोजा. गेट ते पोर्च किती मीटर, वाट कुठे वळते, गडगा किती उंच, वाऱ्याने हलणारी झाडे कुठे आणि पलीकडचा रस्ता किती जवळ, हे कागदावर उतरवा.

बाजारातले बहुतेक सेन्सर पीआयआर जातीचे असतात. माणसाच्या किंवा गाडीच्या अंगातून निघणारी उष्णता मागच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळी असते. तो फरक भिंगाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकला, की सेन्सर दिवा पेटवतो. त्याला नुसती हालचाल कळत नाही, उष्णतेतला बदल कळतो. गोव्यातली मुख्य अडचण यातूनच येते. खोक्यावर ‘१२ मीटर’ छापलेले असते, पण सोबतचे माहितीपत्रक उघडले तर अनेकदा बारीक अक्षरात ‘२४ अंशांखाली’ अशी अट असते. एप्रिल-मे महिन्यांत किनारपट्टीवरची रात्र पंचविशीच्या खाली क्वचितच उतरते. कातडीचे तापमान साधारण ३३-३४ अंश, आणि दिवसभर तापलेला गडगा व फरशीही त्याच्या जवळपास. फरकच उरत नाही, म्हणून पल्ला आखडतो. १२ मीटरचा सेन्सर ७-८ मीटरच पाहील असे धरून जागा ठरवा. वाट त्याहून लांब असेल तर दोन सेन्सर लावा, एक गेटजवळ आणि एक पोर्चजवळ. एकच मोठ्या पल्ल्याचा घेऊन भागत नाही.

जागेचा नियम असा: गाडी सेन्सरसमोरून आडवी जायला हवी. पोर्चच्या मधल्या खांबावर, थेट गेटकडे तोंड करून लावलेला सेन्सर समोरून येणाऱ्या गाडीला उशिरा ओळखतो, कारण ती पट्टे ओलांडत नाही, त्यांच्या दिशेने येत राहते. तोच सेन्सर वाटेच्या कडेच्या भिंतीवर, वाटेला आडवा पाहील असा लावला तर गाडी गेटातून आत येताच दिवा लागतो. उंची २ ते २.५ मीटर ठेवा. त्याहून वर गेलात तर पायथ्याजवळचा भाग सुटतो. तोंड थोडे खाली झुकवा, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या स्कूटरने दिवा लागणार नाही. सेन्सरसोबत चिकटवायच्या काळ्या पट्ट्या मिळाल्या तर टाकू नका. भिंगाचा रस्त्याकडचा किंवा माडाकडचा भाग झाकायला त्या लागतात. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर सेन्सर कधीच नको, गरम हवेचा झोत त्याला माणसासारखाच भासतो.

दुसरी जात मायक्रोवेव्हची, म्हणजे छोटा रडार. त्याला उष्णतेशी देणेघेणे नाही, म्हणून उन्हाळ्यात पल्ला घटत नाही. पण तो हलणारे सगळेच पाहतो. डोलणारी झावळ, पागोळ्यांची धार, पातळ भिंतीपलीकडचा माणूसही त्यातून सुटत नाही. चारी बाजूंनी चिऱ्याच्या भिंती असलेल्या बंद पोर्चात तो चांगला चालतो. उघड्या वाटेवर पावसाळ्याचे चार महिने त्रासच. वाटेसाठी आमचा कौल पीआयआरलाच.

आता बांधणी. धूळ-पाणी दिव्यात शिरू नये याची सोय किती पक्की, ते आयपीचा आकडा सांगतो. उघड्यावर आयपी६५ पेक्षा कमी घेऊ नका. आयपी४४ फक्त खोल छपराखाली चालेल. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरांच्या आत घर असेल तर पावसापेक्षा खारी हवा जास्त नुकसान करते. स्वस्त रंगवलेल्या धातूच्या दिव्यावर स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते आणि रंग पापुद्र्याने सुटतो. तिथे उन्हाला टिकणाऱ्या पॉलिकार्बोनेटचे आवरण बरे. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ प्रतीच्या स्टीलवरही समुद्राजवळ तांबूस डाग पडतात. चिरा सच्छिद्र असतो, गिलावा नसलेल्या भिंतीत छोटा प्लग फिरतो. ८ मिमीचा, निदान ५० मिमी लांबीचा प्लग वापरा आणि भोक दोन चिऱ्यांच्या सांध्यात नको, चिऱ्यात घ्या.

प्रकाशाबाबत बहुतेक घरे गरजेपेक्षा जास्त खर्च करतात. ३ मीटर रुंद, १०-१२ मीटर लांब वाटेला १० वॅटचे दोन एलईडी, म्हणजे प्रत्येकी ९०० ते १००० ल्युमेन, पुरेसे आहेत. ३० वॅटचा एकच फ्लडलाइट लावला तर गाडी चालवणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि ओल्या फरशीवर तो झगमगाट दुप्पट वाटतो. रंग ३००० केल्विन किंवा त्याहून पिवळसर ठेवा. पांढऱ्याशुभ्र प्रकाशावर पावसाळी किडे जास्त येतात, किड्यांमागे पाली येतात, आणि पाल भिंगावर बसली की दिवा उगाच लागतो.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांलगत राहणाऱ्यांनी इथे विशेष काळजी घ्यावी. ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात तिथे अंडी घालतात आणि बाहेर पडलेली पिल्ले प्रकाशाकडे चालतात. घराचा दिवा त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे ओढतो. समुद्राच्या बाजूने पूर्ण झाकलेला, खाली पाहणारा, अंबर रंगाचा दिवा लावा आणि तो लवकरात लवकर विझेल असा ठेवा. सत्तरी-सांग्याकडे मे-जूनमधल्या काजव्यांसाठीही हेच करा. ते एकमेकांना प्रकाशानेच खुणावतात.

जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण काय सांगायचे ते तुम्हाला ठाऊक हवे. सेन्सर तीन तारांचा घ्या: फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी. दोन तारांचे सेन्सर दिव्यातूनच थोडा प्रवाह घेतात, त्यामुळे एलईडी विझल्यावरही मंद मिणमिणतो. सेन्सरवर ‘१२०० वॅट’ लिहिलेले असले तरी तो आकडा जुन्या बल्बचा; एलईडीसाठी वेगळा, बराच लहान आकडा दिलेला असतो, तोच पाहा. केबल १.५ चौरस मिमी, तीन कोअरची, अर्थिंगसह. बाहेरच्या दिव्यांना ३० मिलिअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, द्या. नाहीतर जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरले की रात्री घरातला फ्रिजही बंद पडतो. केबल दिव्यात खालून शिरवा आणि आधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून गळून जाईल. सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना लावा, खालची कड मोकळी ठेवा. चारी बाजू बंद केल्या तर आत साचलेला दमट वाफारा बाहेर पडत नाही.

सोलरचे सांगायचे तर, ऑक्टोबर ते मे तो उत्तम चालतो. जून ते ऑगस्ट आभाळ भरलेले, वर माडांची सावली. बॅटरी भरतच नाही. सोलरच हवा असेल तर पॅनेल वेगळे असलेला घ्या, ते दक्षिणेकडे साधारण १५ अंश कलते लावा आणि हालचालीशिवाय पूर्ण विझणारा मोड निवडा.

बसवून झाल्यावर वीज दिल्यापासून पहिला मिनिटभर सेन्सर स्थिरावतो. तेव्हा दिवा लागला म्हणून तो बिघडलेला नाही. सेन्सरवरची टाइमची फिरकी दिवा किती वेळ पेटता राहील ते ठरवते, आणि लक्सची फिरकी किती अंधारात तो लागेल ते. मग टाइम सर्वांत कमी आणि लक्स सूर्याच्या खुणेवर ठेवून दिवसाच वाटेवरून चालत चाचणी घ्या. कोन पक्का झाला की टाइम दोन मिनिटांवर आणा, गेट उघडून गाडी आत घेऊन गेट लावायला तेवढा पुरतो. लक्सची फिरकी शेवटी, तिन्हीसांजेला, दिव्याची गरज वाटू लागेल त्याच क्षणी लावा.

दिवा विझला की लगेच पुन्हा लागत असेल, तर त्याची उष्णता किंवा पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड सेन्सरपर्यंत पोचतो आहे. दोघांत निदान अर्धा मीटर अंतर ठेवा. रात्री लागतच नसेल तर रस्त्याच्या दिव्याचा उजेड सेन्सरवर पडतो का ते बघा. पल्ला हळूहळू कमी होत गेला असेल तर भिंगावर क्षार आणि कोळ्याची जाळी असतात. पावसाळ्याआधी आणि नंतर गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ फडक्याने पुसा, स्पिरिट वापरू नका. आणि दिवा दिवसाही विझत नसेल, तर मेन स्विच अर्धा मिनिट बंद करून पाहा. तरीही विझला नाही, तर आतली रिले, म्हणजे दिवा चालू-बंद करणारा खटका, चिकटलेली असते, आणि अशा वेळी सेन्सर बदलण्यावाचून इलाज नाही.