इंग्रजी व्याकरण आणि शब्दसंग्रह: परीक्षेसाठी सराव कसा करावा

इंग्रजी व्याकरणाची तयारी बहुतेक मुलं वाचून करतात. नियम वाचायचा, त्याखालची सोडवलेली उदाहरणं वाचायची आणि 'हे येतंय' म्हणून पान उलटायचं. मग पेपरात तेच वाक्य जरा फिरवून आलं की हात अडतो. समोर लिहिलेलं उत्तर बरोबर आहे हे कळणं वेगळं आणि रिकाम्या जागेत ते स्वतः लिहिणं वेगळं. परीक्षेत लिहायचंच असतं, म्हणून सरावही लिहिण्याचाच हवा.

याला संशोधनाचाही आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं आणि आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचून लगेच 'येतंय' असं वाटतं, त्या वाटण्यावर विसंबायचं नाही ते याचसाठी.

आधी एक पेपर सोडवा, मग पुस्तक उघडा

तुमच्या परीक्षेचा जुना किंवा नमुना पेपर घ्या आणि त्यातला व्याकरण व शब्दसंग्रहाचा भाग गाईड न बघता सोडवा. वेळ लावायची गरज नाही. जिथे अंदाजाने लिहिलं तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर म्हणजे न आलेलंच उत्तर, हे तपासताना विसरू नका.

आणखी दोन-तीन पेपर नुसते चाळा. कोणते प्रश्न दरवेळी येतात आणि त्यांना किती गुण असतात, ते एका कागदावर मांडा. सराव कुठून सुरू करायचा हे या कागदावरून ठरतं. अनुक्रमणिकेतल्या पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करणारे बरेच जण नाम आणि सर्वनामातच अडकतात आणि जास्त गुणांचे प्रश्न शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

चुकांची वही

एक वेगळी, लहान वही घ्या. चुकलेलं प्रत्येक वाक्य तिच्यात पूर्ण लिहा, खाली बरोबर वाक्य लिहा आणि शेजारी एका ओळीत चुकीचं कारण. कारण तुमच्या शब्दांत, मराठीत असलं तरी चालेल. उदाहरणार्थ, 'शी डझन्ट लाइक्स टी' हे चुकलं तर शेजारी लिहा: 'डझन्टमध्ये एस येऊन गेला, क्रियापदाला पुन्हा लावायचा नाही.' कारण लिहिता आलं नाही तर तो नियम अजून कळलेला नाही असं समजा आणि शिक्षकांना नेमकं तेच विचारा.

पंधरा दिवसांत या वहीत एक गोष्ट दिसायला लागते: चुका खूप असल्या तरी त्यांचे प्रकार मोजकेच असतात. कुणाचं प्रत्येक पान आर्टिकलने भरतं, कुणाचं काळाने. बाजारातल्या कुठल्याही सरावपुस्तकापेक्षा ही वही मला मोलाची वाटते. ती फक्त तुमच्यासाठी तयार झालेली असते.

सुरुवात क्रियापदापासून

काय आधी करावं असं विचारलंत तर माझं उत्तर ठाम आहे: क्रियापद. नकारार्थी वाक्य, प्रश्न, क्वेश्चन टॅग, पॅसिव्ह व्हॉइस, इनडायरेक्ट स्पीच हे सगळे वेगवेगळे धडे म्हणून शिकवले जातात, पण प्रत्येकात बदलतं ते क्रियापदच. ते पक्कं झालं की पुढचं निम्मं काम हलकं होतं.

सगळ्यात आधी क्रियापदांची तीन रूपं. अनियमित क्रियापदांची यादी वर्णानुक्रमाने घोकू नका, चालीनुसार गट पाडा. कट, पुट, हिट यांची तिन्ही रूपं सारखीच. ब्रिंग, बाय, थिंक, कॅच, टीच यांची दुसरी आणि तिसरी रूपं एकाच वळणाची: ब्रॉट, बॉट, थॉट, कॉट, टॉट. सिंग, रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन यांच्यात मधला स्वर बदलत जातो: सिंग, सँग, संग. रीडची तिन्ही रूपं एकाच स्पेलिंगची, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपाचा उच्चार रेड. रोज एक गट घ्या, पहिलं रूप बघून उरलेली दोन लिहा आणि मग ताडून बघा.

त्यानंतरचा सराव एकाच वाक्यावर करता येतो. साधं वाक्य घ्या: 'शी राइट्स अ लेटर.' आता याचं नकारार्थी करा. 'राइट्स'मधल्या एसमध्ये 'डझ' दडलेलं आहे, ते बाहेर काढलं की एस त्याच्याबरोबर जातो आणि उरतं नुसतं 'राइट': 'शी डझ नॉट राइट अ लेटर.' प्रश्न करायचा तर तेच 'डझ' पुढे येतं: 'डझ शी राइट अ लेटर?' टॅगमध्येही तेच: 'शी राइट्स अ लेटर, डझन्ट शी?' वाक्य भूतकाळात नेलं, 'शी रोट अ लेटर', की 'रोट'मध्ये दडलेलं 'डिड' बाहेर येतं: 'शी डिड नॉट राइट.' 'डिड नॉट रोट' का चूक, हे इथे पाठ न करता कळतं. भूतकाळ 'डिड'ने उचलला, मग मूळ क्रियापद आपल्या पहिल्या रूपावर परत आलं.

आता पॅसिव्ह. मूळ वाक्याचा जो काळ तोच 'बी'च्या रूपाला द्यायचा आणि मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं. 'राइट्स' साधा वर्तमान, म्हणून 'अ लेटर इज रिटन बाय हर.' 'रोट' असेल तर 'वॉज रिटन', 'इज रायटिंग' असेल तर 'इज बीइंग रिटन', 'हॅज रिटन' असेल तर 'हॅज बीन रिटन', 'विल राइट' असेल तर 'विल बी रिटन'. तक्ता पाठ करण्यापेक्षा स्वतःला एवढंच विचारा: मूळ वाक्याचा काळ कोणता, आणि तो काळ 'बी'ला कसा द्यायचा? लक्षात ठेवा, ज्या क्रियापदाला कर्मच नसतं, जसं स्लीप किंवा अराइव्ह, त्याचं पॅसिव्ह होत नाही.

इनडायरेक्ट स्पीचमध्ये क्रम ठरवून घ्या: आधी सांगणाऱ्याचं क्रियापद, मग सर्वनाम, मग काळ, शेवटी नाऊ, टुडे, धिस यांसारखे शब्द. 'शी सेड, "आय ॲम रायटिंग अ लेटर नाऊ"' याचं होतं 'शी सेड दॅट शी वॉज रायटिंग अ लेटर देन.' प्रश्न असेल तर सर्वाधिक गुण जातात ते शब्दक्रमात. 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड' हे बरोबर. 'व्हेअर डिड आय लिव्ह' असं लिहिलं की प्रश्न तसाच राहतो आणि गुण जातो.

असं एक वाक्य रोज फिरवा. दहा मिनिटं पुरतात, आणि दहा वेगळी वाक्यं गाईडमधून उतरवण्यापेक्षा याने कितीतरी जास्त पक्कं होतं.

मराठीतून येणाऱ्या चुका

आपण मराठीत विचार करून इंग्रजीत लिहितो, त्यामुळे काही चुका ठरलेल्या असतात. 'मी इथे पाच वर्षांपासून राहतो' हे मराठीत वर्तमानकाळात बरोबर आहे, म्हणून हात 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' लिहून जातो. इंग्रजीत तेव्हा सुरू होऊन अजून चाललेली गोष्ट 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' अशी सांगतात. कालावधीला 'फॉर' आणि सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स', म्हणजे 'सिन्स २०२०', 'सिन्स मंडे'.

तसंच, 'विषयी चर्चा' म्हणतो म्हणून 'डिस्कस अबाउट' येतं. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. 'तो मला म्हणाला' वरून 'ही सेड मी' होतं. हवं 'ही टोल्ड मी' किंवा 'ही सेड टु मी'. इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, होमवर्क यांना अनेकवचनाचा एस लागत नाही. 'नो', 'बिलाँग', 'अंडरस्टँड' अशा क्रियापदांना बहुतेक वेळा आयएनजी लावत नाहीत.

आर्टिकल मराठीत नाहीच, म्हणून ते विसरलं जाणं साहजिक आहे. अ की ॲन हे अक्षरावरून ठरत नाही, उच्चारावरून ठरतं: ॲन अवर, ॲन ऑनेस्ट मॅन, पण अ युनिव्हर्सिटी, अ युरोपियन. सरावासाठी पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वहीत उतरवा, उतरवताना सगळी आर्टिकल्स आणि प्रिपोझिशन्स गाळा. दोन दिवसांनी त्या जागा भरा आणि मूळ परिच्छेदाशी ताडा. याला एक पैसाही लागत नाही, आणि पेपरात येतो त्याच प्रकारचा हा प्रश्न आहे.

शब्द एकटा शिकू नका

डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, अशा यादीतून पाठ केलेला शब्द वाक्यात वापरायची वेळ आली की दगा देतो. शब्दाबरोबर त्याची सोबत शिका. 'मिस्टेक'बरोबर 'मेक' येतं, 'होमवर्क'बरोबर 'डू', 'अटेन्शन'बरोबर 'पे', 'इंटरेस्टेड'नंतर 'इन', 'गुड'नंतर 'ॲट'. त्याचबरोबर शब्दाचं कुटुंब लिहा: डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह. कंसातल्या शब्दाचं योग्य रूप भरायचा प्रश्न आला की हे कुटुंबच उपयोगी पडतं. जागेआधी 'अ' किंवा 'द' असेल आणि पुढे नाम नसेल तर तिथे नाम हवं. पुढे नाम असेल तर बहुधा विशेषण. अर्थ आठवला नाही तरी रूप ओळखता येतं.

विरुद्धार्थी उपसर्गांना एक सोय आहे. एलने सुरू होणाऱ्या शब्दाआधी बरेचदा 'इल' येतं, जसं इललीगल. आरच्या आधी 'इर', जसं इरेग्युलर. एम आणि पीच्या आधी 'इम', जसं इम्मॅच्युअर, इम्पॉसिबल. पण अनलकी, अनरिअल, अनप्लेझंट हे अपवाद आहेत, आणि पेपर काढणाऱ्यांचं लक्ष अशा अपवादांवर असतं. ते चुकांच्या वहीत आधीच लिहून ठेवा.

शब्द टिकवण्यासाठी चिठ्ठ्यांची पद्धत वापरा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांब अंतराने. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी खोक्यांची सोपी रीत मांडली. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द गाळलेलं वाक्य, दुसऱ्या बाजूला शब्द. नव्या चिठ्ठ्या पहिल्या खोक्यात, त्या रोज बघायच्या. उत्तर आलं की चिठ्ठी दुसऱ्या खोक्यात, ती तीन दिवसांनी. पुन्हा आलं की तिसऱ्यात, ती आठवड्याने. चुकली की थेट पहिल्या खोक्यात परत. रोज सात-आठ नवे शब्द पुष्कळ झाले. एका बैठकीत पन्नास शब्द भरण्याचा अट्टहास करू नका.

स्पेलिंग मात्र हाताने लिहूनच बसतं. अवघड शब्द लिहिताना मनात तो अक्षरांप्रमाणे फोडून म्हणा, जसं 'वेन्झडे' लिहिताना 'वेड-नेस-डे'. बघा, झाका, लिहा, ताडा, आणि चुकलेला शब्द पूर्ण पुन्हा लिहा.

शेवटचे पंधरा दिवस

आतापर्यंत एकेक घटक वेगळा केला असेल, तर आता सरमिसळ करा. सलग वीस वाक्यं पॅसिव्हची सोडवताना काय करायचं हे आधीच ठाऊक असतं. पेपरात ते ओळखण्यापासून सुरुवात असते. वेगवेगळ्या प्रकारची दहा-बारा वाक्यं एकत्र करून घड्याळ लावून सोडवा. एक दिवसाआड पूर्ण पेपर, मधल्या दिवशी फक्त चुकांची वही आणि चिठ्ठ्या. नवा नियम, नवं पुस्तक या दिवसांत हातात घेऊ नका.

पेपरात आधी सूचना शब्दन् शब्द वाचा. 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये विचारलंय पॅसिव्ह आणि लिहिलंय नकारार्थी, असं घाईत सहज होतं. वाक्य बदलायचं असेल तर पूर्ण वाक्य लिहा, नुसता बदललेला शब्द नको. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि त्यात फक्त क्रियापदांवरून बोट फिरवा: साध्या वर्तमानकाळात कर्ता ही, शी, इट किंवा एकवचनी नाम असेल तर एस लागलाय का, 'डिड'नंतर पहिलं रूप आहे का, 'हॅज'नंतर तिसरं आहे का. मग प्रश्नचिन्हं, वाक्याच्या सुरुवातीची मोठी अक्षरं, आणि उताऱ्यातून उचललेल्या शब्दांची स्पेलिंग्ज प्रश्नपत्रिकेशी ताडून बघा.