डिस्प्ले गेला म्हणजे कार्ड गेलं असं नाही: ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत या चुका टाळा

स्क्रीनवर काही दिसेनासं झालं की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. लगेच नव्या कार्डाची चौकशी सुरू होते. कार्ड मात्र कित्येकदा ठणठणीत असतं आणि दोष निघतो एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात), केबलमध्ये, रॅममध्ये नाहीतर ड्रायव्हरमध्ये (विंडोजकडून कार्ड चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये). तो शोधायला एक स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो. धीर मात्र हवा. एकाच वेळी रॅम हलवली, ड्रायव्हर बदलला आणि बायोसही (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) अपडेट केला, तर मशीन सुरू झालं तरी नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि आठवड्याने तोच त्रास परत येतो. एका वेळी एकच गोष्ट बदला.

मॉनिटरची केबल मदरबोर्डला

नवं कार्ड बसवलं, पंखे फिरतायत, पण डिस्प्ले नाही. कॅबिनेटच्या मागे पाहा. एचडीएमआय केबल वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टला असेल तर ती खाली कार्डाच्या पोर्टला लावा. इंटेलच्या १२४००एफसारख्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरला किंवा रायझन ५६००ला स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे वरच्या पोर्टमधून काहीच येणार नाही.

विजेच्या चुका

पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनच्या केबलमधून आणखी ७५ आणि ८ पिनच्या केबलमधून १५०. हा हिशेब डोक्यात पक्का असला की निम्म्या चुका होतच नाहीत.

कार्डावर दोन ८ पिनची सॉकेट असतात आणि एसएमपीएसच्या एकाच केबलला शेवटी दोन फाटे असतात. घाईत दोन्ही फाटे कार्डात जातात. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण ३०० वॅटचा भार आता एकाच केबलच्या तीन १२ व्होल्टच्या तारांवर आला. म्हणजे एकूण २५ अँपिअर, एका तारेवर आठाहून जास्त. एसएमपीएसकडचं टोक तापतं आणि भार वाढला की व्होल्टेज खाली येतं. दोन सॉकेट असतील तर दोन वेगळ्या केबल लावा. जास्तीचा फाटा लोंबकळत राहिला तरी चालेल.

वीज कमी पडण्याचं नेहमीचं लक्षण असं: ब्राउझर, सिनेमा सगळं व्यवस्थित, पण गेम लोड होताना मशीन धाडकन बंद किंवा रीस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ सापडतं, आणि त्याचा अर्थ एवढाच की विंडोज नीट शटडाउन न होता मशीन बंद पडलं. लोक इथे फॉरमॅट मारतात. एकदा, मग दुसऱ्यांदा. खरं कारण असं की मोठी कार्डं काही मिलिसेकंदांपुरती आपल्या ठरलेल्या वॅटेजपेक्षा खूप जास्त वीज ओढतात. ३२० वॅटच्या आरटीएक्स ३०८०ने हे पुष्कळांना दाखवून दिलं. जुन्या एसएमपीएसचं संरक्षण अशा झटक्याला ट्रिप होतं. म्हणूनच २०२२मध्ये आलेल्या एसएमपीएससाठीच्या एटीएक्स ३.० मानकात हे झटके सोसण्याची अट घालावी लागली. तपासायला पैसे लागत नाहीत. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम तासभर चालवा. बंद पडणं थांबलं तर विंडोजला हात लावू नका, आधी एसएमपीएस आणि केबल पाहा.

अर्धवट बसलेल्या कनेक्टरने काय होतं याचा धडा साऱ्या जगाने २०२२मध्ये पाहिला. ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० बाजारात आलं. ४५० वॅटचं कार्ड आणि सगळी वीज १६ पिनच्या एका छोट्या कनेक्टरमधून. काही दिवसांतच वितळलेल्या कनेक्टरचे फोटो येऊ लागले. नोव्हेंबरात एनव्हिडियाने जगभरातली सुमारे ५० प्रकरणं आपल्याला माहीत असल्याचं सांगितलं आणि कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे त्यातलं समान कारण असल्याचं म्हटलं. पिना थोड्याच भागात टेकतात, तिथे रोध वाढतो, उष्णता साठते आणि प्लास्टिक मऊ होतं. पण सगळा दोष ग्राहकाच्या माथी मारणं योग्य नव्हतं. पुढे आलेल्या १२व्ही-२x६ या सुधारित कनेक्टरमध्ये सेन्स पिना (प्लग बसल्याची खूण कार्डाला देणाऱ्या छोट्या पिना) आखूड केल्या, म्हणजे प्लग नीट बसला नसेल तर कार्डाने पूर्ण वीज ओढूच नये. मूळ रचनेत चुकीला वाव होता, हे त्यातूनच दिसतं. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर कनेक्टर आणि सॉकेट यांच्यातली फट दिसेनाशी होईपर्यंत थांबू नका, दाबत राहा. तोंडापासून साधारण ३५ मिलिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवा, कॅबिनेटची काच लावायची म्हणून ती तिथे वाकवू नका.

आणि एक गोष्ट कृपा करून कधीच करू नका: एका मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावणं. कार्डाकडच्या टोकाची रचना ठरलेली असते, एसएमपीएसकडच्या टोकाची नाही. प्लग आरामात बसतो आणि १२ व्होल्ट भलत्या पिनवर जातात. कार्ड एका क्षणात जळतं.

यूपीएस असूनही लाइट गेल्यावर गेम चालू असलेलं मशीन बंद पडतं तेव्हाही कार्ड निर्दोष असतं. घरातल्या साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसची ताकद ३६० वॅटच्या आसपास असते, आणि मोठ्या कार्डाचा गेममधला भार तिला पेलत नाही.

ड्रायव्हरवर ड्रायव्हर

एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं बसवलं आणि जुना ड्रायव्हर तसाच ठेवला, तर काळी स्क्रीन किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ दिसू शकतो. नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा. मग इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर घालतं. सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर) चालवा, रीस्टार्ट करा, नवा ड्रायव्हर टाका आणि मगच नेट जोडा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ करून देणारी सॉफ्टवेअर मशीनवर ठेवूच नका. त्यांनी वाचवलेली दहा मिनिटं नंतर दिवसभर वसूल होतात.

रॅमला विसरणं

गेम मधेच बाहेर फेकतो, टेक्स्चर विस्कटतं. एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग, बंद करून पाहा. तेवढ्याने थांबलं तर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा.

खोडरबर

कार्डाची स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी खोडरबराने घासायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. तो मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जातो. कोकणातल्या दमट हवेत पट्टी काळवंडली तरी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरतं. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

तापमान वाचताना

कोर ७० अंश दाखवतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान, पाहा. दोन्हींत ३० अंशांहून जास्त फरक असेल तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक एका बाजूने सैल आहे. पेस्ट बदलायला कार्ड उघडलंच, तर थर्मल पॅडची जाडी मोजल्याशिवाय नवे पॅड लावू नका. अर्धा मिलिमीटर जाड पॅड लागला की हीटसिंक चिपला टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं.

कार्ड ओव्हनमध्ये भाजणं

हा उपाय अजून सांगितला जातो याचं वाईट वाटतं. उष्णतेने चिपखालचा तुटका सांधा काही दिवस टेकतो, कार्ड चालतं आणि पुन्हा मरतं. दरम्यान कपॅसिटर फुगतात, प्लास्टिक वितळतं आणि ज्या ओव्हनमध्ये घरचं अन्न शिजतं त्यात विषारी वाफा भरतात. भाजलेलं कार्ड चिप-लेव्हल रिपेअर करणाराही सहसा हातात घेत नाही.

जुनं कार्ड विकत घेताना पैसे देण्याआधी कार्डाची खरी ओळख दाखवणारं जीपीयू-झेड चालवा. कार्डाचा स्वतःचा बायोस बदलून जुन्या चिपला नवं नाव दिलेली कार्डं फिरत असतात, आणि नावापुढे ‘फेक’ दिसलं तर तिथेच परत करा.

कार्ड खरोखर गेलं आहे का, हे ठरवायची खूण साधी आहे. बायोसच्या स्क्रीनवरच, म्हणजे विंडोज आणि ड्रायव्हर लोड होण्याआधीच, रंगीत ठिपके किंवा उभ्या रेघा दिसतात का ते पाहा. केबल आणि मॉनिटर बदलूनही त्या राहिल्या, आणि दुसऱ्या मशीनमध्येही तेच दिसलं, तर बिघाड कार्डातच आहे. मग स्टिकर न फाडता, बिल शोधून, कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून वॉरंटीला पाठवा.